उंचेल्याचं पुस्तक

बारावीचा इंग्रजीचा पेपर सुरू झाला की पहिला अर्धा तास वर्गात फक्त पानं उलटल्याचा आवाज असतो. मी बाकांच्या रांगांमधून फिरत राहते. गेली तेहेतीस वर्षं फिरते आहे. आता पाय दुखतात, चपलांचा आवाज होऊ नये म्हणून जपून टाकलेलं पाऊलही जड वाटतं. यंदाचा हा शेवटचा मार्च, नंतर निवृत्ती. खिडकीबाहेर शाळेमागच्या कातळावर काजूची झाडं आहेत. अकरा वाजता ऊन चढलं की पिकल्या बोंडांचा उग्र, आंबूस वास वर्गात शिरतो. मुलांना तो जाणवत नाही, ती पेपरात बुडालेली असतात. मला मात्र त्या वासाने दरवर्षी एकच मार्च आठवतो. मी अठरा वर्षांची होते, बारावीला इंग्रजीत नापास झाले होते, आणि आमच्या पडवीत बसून आबांना एका अमेरिकन नटाचं चरित्र वाचून दाखवत होते.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मुंबईत जुने इंग्रजी सिनेमे पुन्हा पुन्हा लावणाऱ्या एका थिएटरात ते तीस वर्षं ऑपरेटर होते. प्रोजेक्टरच्या खोलीत दोन मशिनं, त्यांत जळणारे कार्बनचे कांडे, आणि भिंतीला वीतभर चौकोनी भोक. त्या भोकातून त्यांनी तीस वर्षं अमेरिका पाहिली. आमच्या भागातल्या कितीतरी घरांसारखंच त्यांचंही झालं होतं. बाप्ये मुंबईला, बायका गावाला. काकी इथे मालवणजवळ तारकर्लीच्या वाटेवरच्या आमच्या घरात राहिली, भात लावलं, काजू वेचले, सासू-सासऱ्यांचं केलं. आबा वर्षातून एकदा पंधरा दिवस यायचे, गणपतीला नाहीतर मे महिन्यात. ऐंशी साल उलटल्यावर त्यांना काचबिंदू झाला, उजवा डोळा गेला, डाव्यापुढे धुकं आलं, आणि ते एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन कायमचे घरी आले. डोळे कार्बनच्या उजेडाने गेले असं ते म्हणत. डॉक्टर तसं म्हणत नसत.

त्या ट्रंकेत कपडे थोडे होते. वर्तमानपत्रांची कात्रणं, थिएटरबाहेर लावायचे जुने फोटो, आणि तळाशी एक जाड इंग्रजी पुस्तक. थिएटरातल्या त्यांच्या जोडीच्या ऑपरेटरने फुटपाथवरच्या दुकानातून ते त्यांना निरोपाची भेट म्हणून घेऊन दिलं होतं. मुखपृष्ठावर एक उंच माणूस टोपी हातात धरून उभा होता. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. आबांनीही कधी घेतलं नाही. ते त्याला ‘उंचेलो’ म्हणत, आणि मग आमच्या घरात सगळेच तसं म्हणू लागले. उंचेल्याचा प्रत्येक सिनेमा आबांनी शंभर-दीडशे वेळा तरी चालवला होता. त्याची वाक्यंच्या वाक्यं त्यांना पाठ होती. अर्थ एकाचाही माहीत नव्हता. मालवणी हेल काढून ते ती म्हणत तेव्हा मला हसू यायचं.

मी नापास झाले त्या वर्षी घरात कोणी मला रागावलं नाही. ते जास्त वाईट होतं. वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून होते, ते सकाळी एसटीने जात आणि संध्याकाळी आल्यावर माझ्याकडे न बघता चहा पीत. आईने एकदाच विचारलं की आता पुढे काय. माझ्याबरोबरच्या मुली कॉलेजात गेल्या, दोघींची लग्नं ठरली. मी पुन्हा तोच अभ्यास घेऊन बसले. इंग्रजीचं पुस्तक उघडलं की डोळ्यांवर झापड यायची. तेव्हा आबांनीच एका दुपारी मला जवळ बोलावलं, ते जाड पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, “वाच गो. माका आता दिसना नाय. तुझा पण इंग्लिश सुधारतला.”

अशी ती दुपारची बैठक सुरू झाली. जेवणं झाली की आबा पडवीच्या खांबाला टेकून बसत. मी शब्दकोश घेऊन त्यांच्यासमोर. काकी थोडी पलीकडे, खळ्यात वाळत घातलेल्या काजूबिया सुपात घेऊन निवडत बसे. तिला या गोष्टीत रस आहे असं वाटायचं नाही. ती कधी मान वर करून बघत नसे. मी एक वाक्य इंग्रजीत वाचायची, शब्द शोधायची, मग अडखळत मालवणीत सांगायची. एका दुपारी दोन पानं झाली तरी पुष्कळ.

उंचेला एका सपाट, गव्हाच्या मुलखातल्या गावात जन्मला होता. तिथे समुद्र नव्हता, डोंगरही नव्हता. बाप घोड्यांना नाल मारायचा. पोराला शाळेपेक्षा घोडे आवडायचे. पंधराव्या वर्षी तो पळून गेला, जत्रेतल्या घोड्यांच्या खेळात कामाला लागला, आणि तिथून सिनेमावाल्यांकडे. पहिली चार वर्षं त्याचं काम एकच, नायकाच्या बदली घोड्यावरून पडायचं. त्याचा चेहरा कोणी पाहिला नाही, कारण पडताना चेहरा दिसायचा नाही असाच करार होता. दोन बरगड्या मोडल्या, एक कान कायमचा बधिर झाला. त्याच चार वर्षांत गावी जाऊन त्याने लग्न केलं. शेजारच्या शेतातली मुलगी. तिला तिथेच ठेवून तो परत गेला.

“बरोबर,” आबा म्हणत. “नवीन माणसान बायलेक घेवन खंय जावचा?”

काकी सुपातून एक किडकी बी बाजूला काढी.

मग बोलपट आले. तोवर मोठे असलेले कितीतरी नट त्या वर्ष-दोन वर्षांत संपले, कारण तोंड उघडलं की लोक हसायचे. उंचेल्याचं उलट झालं. बधिर कानामुळे तो हळू बोलायचा, प्रत्येक शब्द तोलून, आणि त्या काळच्या मायक्रोफोनला नेमका तसाच आवाज हवा होता. कंपनीने त्याच्याशी सात वर्षांचा करार केला. नाव बदललं, दात सरळ करून घेतले, कुठे जायचं, कोणाबरोबर दिसायचं, काय खायचं, सगळं कंपनी ठरवू लागली. त्याचं लग्न झालेलं आहे ही गोष्ट कंपनीने लपवली. नायक अविवाहित असलेला बरा.

इथवर आबा फार खूश होते. भोकातून दिसलेल्या माणसाचं मागचं सगळं आता कळत होतं. मधेच ते मला थांबवत आणि त्या त्या सिनेमाची गोष्ट सांगत. पण पुस्तकातली गोष्ट आणि आबांची गोष्ट पुष्कळदा जुळत नसे. एका सिनेमात उंचेला स्टेशनवर एका बाईला सोडून गाडीत बसतो. आबा म्हणाले, ती त्याची बहीण. त्यांनी ते शंभर वेळा पाहिलं होतं. पुस्तकात लिहिलं होतं की ती त्याची बायको. मी तसं सांगितलं तेव्हा आबांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले की चेहऱ्यावरून बहीणच वाटायची.

आता मला कळतं की तीस वर्षं त्यांनी त्या चेहऱ्यांत आपल्याला सोयीच्या गोष्टी वाचल्या होत्या. तेव्हा मला एवढंच कळलं की माझं इंग्रजी आबांपेक्षा बरं आहे, आणि त्या आनंदात मी दुसऱ्या दिवशी चार पानं वाचली.

मार्च अर्धा झाला. काकी पहाटे उठून डोंगरावर जायची, उन्हं चढायच्या आत टोपलीभर बोंडं घेऊन यायची. तिची बोटं काजूच्या तेलाने काळी पडली होती, कातडं सोलून निघत होतं. माझी परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती, तरी दुपारची बैठक मी चुकवली नाही. पुस्तकातला उंचेला आता फार मोठा झाला होता. वर्षाला चार-चार सिनेमे करत होता. रस्त्यात बायका त्याच्या कोटाची बटणं तोडून घेत. आणि एका दुपारी मी नवं प्रकरण उघडलं आणि पहिलं पान आधी मनातल्या मनात वाचलं.

त्यात त्याची ती गावची बायको आजारी पडली होती. फुफ्फुसांचा आजार. तिच्या भावाने कंपनीत तार पाठवली, ये म्हणून. ती त्यानंतर तीन आठवडे जगली. तो गेला नाही. त्याचं शूटिंग चालू होतं. तिचं दफन झाल्यावर दहा दिवसांनी तो गावी पोचला.

मी पुस्तकावरून डोळे उचलले. काकी नेहमीसारखी निवडत होती. मला आठवलं ते आमच्या घरात क्वचितच बोललं जायचं. आबांना आणि काकीला एक मुलगा होता. माझ्या जन्माच्या आधी, चार वर्षांचा असताना तापाने गेला. मुंबईला तार केली होती, पण ती आबांना उशिरा मिळाली, आणि तोवर पावसाळ्यासाठी मुंबईच्या बोटी बंद झाल्या होत्या. आबा येऊन पोचले तेव्हा सगळं होऊन पंधरा दिवस झाले होते. एवढंच मला माहीत होतं. आई सांगायची तेव्हा आवाज खाली आणून सांगायची.

मी अठरा वर्षांची होते. मला वाटलं, हे वाचू नये. म्हणून मी खोटं वाचलं. मी सांगितलं की तार मिळाल्याबरोबर उंचेल्याने शूटिंग सोडलं. कंपनीचे मालक ओरडले, त्याने ऐकलं नाही. रात्रंदिवस गाडीने प्रवास करून तो गावी पोचला, बायकोच्या उशाशी बसला, आणि तिने त्याच्या हातात हात ठेवून डोळे मिटले. मी न थांबता सांगत गेले. आबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं.

काकीने सूप खाली ठेवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

“खरा वाचतंस तेव्हा तू अडखळतंस,” ती म्हणाली. “आता अडखळूक नाय तू.”

तिने बोटाने पुस्तक दाखवलं.

“जा लिवलला आसा ता वाच.”

मग मी वाचलं. शब्दकोश उघडून, एकेक शब्द लावत, अडखळत. तार आली, तो गेला नाही, हे वाचलं. त्याच्यापुढेही एक परिच्छेद होता, तो मी आधी पाहिला नव्हता. म्हातारपणी उंचेला लोकांना सांगायचा की त्या हिवाळ्यात बर्फ इतका पडला की आगगाड्या बंद होत्या. पुस्तक लिहिणाऱ्याने रेल्वेची जुनी दप्तरं काढून पाहिली होती. त्या तीन आठवड्यांत एकही गाडी बंद नव्हती.

मी थांबले. खळ्यात कोंबड्या बियांमधून फिरत होत्या, त्यांना हाकलायला काकी उठली नाही.

“बोट चालू होती,” आबा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलताहेत. काकीला कळलं.

“तार येळार मेळलली माका,” ते म्हणाले. “मी भियालंय.”

मग ते हळूहळू सांगत गेले, आमच्यापैकी कोणाकडेही तोंड न करता. तार दुपारी आली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात घातली आणि मशीन सुरू केलं. हे रीळ संपलं की मॅनेजरकडे जाऊन रजा मागायची, असं ठरवलं. रीळ संपलं, दुसरं मशीन सुरू करावं लागलं. मग ते रीळ संपल्यावर, मग हा खेळ संपल्यावर. दिवसाला तीन खेळ. रजा मिळाली असती, मॅनेजर माणूस चांगला होता. पण घरी गेलो तर पोराकडे बघावं लागेल, आणि बघितलं की ते खरं होईल, असं त्यांना वाटत होतं. तिथे भोकापलीकडे उंचेला रोज तीनदा मरायचा आणि पुढच्या खेळाला पुन्हा घोड्यावर बसायचा. पोर गेल्याची दुसरी तार आली तेव्हा बोटीचा हंगाम खरंच संपला होता. मग ते लांबच्या वाटेने, कोल्हापूरवरून एसटीने आले.

काकीने सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही. तिचा आवाजही चढला नाही.

“तार गेली तेच्यामागसून आठ दिस जितो होतो तो,” ती म्हणाली.

एवढं बोलून तिने टोपली उचलली आणि भर उन्हात डोंगराची वाट धरली. त्या वेळी कोणी काजूला जात नाही. कातळ पायाखाली तव्यासारखा तापलेला असतो. आई तिच्या मागे जायला निघाली होती, पण खळ्याच्या टोकाला थांबली आणि परत फिरली. काकी तिन्हीसांजेला आली. टोपली भरलेली होती. तिने चूल पेटवली, भात टाकला, आबांना ताट वाढलं, वाटी कुठे आहे ते रोजच्यासारखं त्यांचं बोट धरून दाखवलं. फक्त बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी पुस्तक ट्रंकेत ठेवून दिलं होतं.

चौथ्या दुपारी ती सूप घेऊन तिच्या जागेवर येऊन बसली आणि मला म्हणाली, “फुडचा वाच. तो गेलो कसो ता आयकाचा आसा माका.”

आबा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मान डोलावली.

उरलेलं चरित्र आम्ही आठवड्यात संपवलं, कारण उरलेल्या चरित्रात फारसं काही घडत नव्हतं. उंचेला म्हातारा होत गेला. दुसरं महायुद्ध संपल्यावर नवे, बुटके, भराभरा बोलणारे नट आले. त्याला आधी नायकाच्या भावाची कामं मिळाली, मग बापाची, मग दारात उभं राहून दोन वाक्यं बोलणाऱ्या म्हाताऱ्याची. तो प्यायला लागला. वाक्यं विसरू लागला, तेव्हा समोरच्या नटाच्या छातीवर, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं, कागदावर लिहून चिकटवत. मधल्या काळात केलेली दुसरी बायको सोडून गेली. टीव्हीवर त्याने साबणाच्या जाहिराती केल्या. शेवटची सहा वर्षं तो त्याच्या सपाट गावात परत जाऊन राहिला. पेट्रोलपंपासमोरच्या बाकावर बसून असायचा. पहिल्या बायकोच्या थडग्यावर जायचा की नाही, याबद्दल गावातल्या लोकांनी दोन तऱ्हेने सांगितलं होतं. लेखकाने दोन्ही लिहून ठेवलं होतं. एका सकाळी तो बाकावर आला नाही.

शेवटचं पान संपलं. पुढे नुसती त्याच्या सिनेमांची यादी होती. काकीने विचारलं, “त्या सहा वर्सांत तेका जेवक कोण घाली?”

मी मागची पानं पुन्हा चाळली. कोण आलं, काय बोललं, कोणतं पारितोषिक मिळालं, सगळं होतं.

“तसा काय लिवलला नाय, काकी.”

“नसतलाच,” ती म्हणाली, आणि उठून आबांच्या जेवणाच्या तयारीला लागली.

मी त्या वर्षी इंग्रजीत पास झाले. फार मार्क नव्हते, पण पुरे होते. पेपरात एक उतारा होता, एका माणसाच्या आयुष्यावर प्रश्न. तो मी शब्दकोशाशिवाय सरळ वाचला. पुढे बीए झाले, बीएड झाले, सावंतवाडीला शाळेत लागले, नंतर इथे बदलून आले. तेहेतीस वर्षांत कितीतरी मुलांना मी इंग्रजी शिकवलं. खरं वाचताना माणूस अडखळतो, हे मला शिकवावं लागलं नाही. मुलं अडखळली की मी थांबून राहते, एवढंच.

त्या पावसाळ्यात आबांचा डावा डोळाही गेला. काकी त्यांचं कोपर धरून त्यांना विहिरीवर नेई, अंगावर पाणी ओतून देई, पाठ चोळून देई. तिने त्यांना माफ केलं का, हे मला माहीत नाही. तो शब्द आमच्या घरात कधी कोणी उच्चारला नाही. ती त्यांच्याशी कमी बोलायची, पण पूर्वीही कमीच बोलायची. एकदा मात्र मी पाहिलं, श्रावणात, मागच्या दारी दोघं बसली होती, आणि आबा तिला त्या मुलाचं काहीतरी विचारत होते. शेवटच्या दिवसांत तो काय खात होता असं काहीतरी. ती सांगत होती. बराच वेळ सांगत होती. मी आत निघून गेले.

आबा त्याच्या पुढच्या वर्षी गेले, झोपेतच.

तेव्हा गावात हळूहळू व्हिडिओ येऊ लागले होते. आमच्या वाडीतला एक मुलगा आखातातून आला, त्याने रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणला. आबांना जाऊन दोन वर्षं झाली असतील, मी सावंतवाडीच्या कॉलेजातून सुट्टीला घरी आले होते, तेव्हा काकी मला म्हणाली की तो माणूस एकदा बघायचा आहे. कोण, असं मी विचारलं नाही. सावंतवाडीच्या कॅसेटच्या दुकानात उंचेल्याचा एक सिनेमा होता, धूळ बसलेला, कोणी नेत नसे. पुढच्या खेपेला तो घेऊन आले. एका रविवारी दुपारी आम्ही दोघी त्या आखातवाल्याच्या घरी गेलो. काकीने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. तिने आयुष्यात एकही सिनेमा पाहिलेला नव्हता.

घरच्या माणसाने कॅसेट घातली, बटण दाबलं आणि तो बाहेर गेला. चित्र आलं. उंचेला घोड्यावरून येत होता, तरुण, देखणा, टोपी पुढे ओढलेली. मी काकीकडे बघितलं. ती दोन-तीन मिनिटं त्याच्याकडे बघत राहिली, परक्या घरातल्या पाहुण्याकडे बघावं तशी. मग तिने मान वळवली. ती मागे बघू लागली, आमच्या पाठीमागच्या भिंतीकडे. भिंतीवर कॅलेंडर होतं, खुंटीला छत्री होती, दुसरं काही नव्हतं.

“ह्या चालवणारो खंय बसता?” तिने विचारलं.

मी तिला टीव्हीखालची ती काळी पेटी दाखवली. “कोण बसाक लागना नाय, काकी. आपणच चालता.”

“रीळ बदलूचा लागना नाय?”

“नाय.”

ती पुन्हा पुढे बघू लागली. पडद्यावर कोणीतरी दार उघडलं, कोणीतरी काहीतरी बोललं. मला वाटलं ती आता सिनेमा बघते आहे. पण ती त्या पेटीकडेच बघत होती, तिच्यावरच्या छोट्या लाल दिव्याकडे.

“ह्या तेव्हा असता तर,” काकी म्हणाली, “ह्येंका घराक येवक गावला असता.”